कार्डाचे गुण, जर्सीचे गुण

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण)



समितीनं मला काम दिलं तेव्हा ते फार सोपं वाटलं होतं. चित्रकलेच्या वर्गात जुन्या वस्तूंचं दालन लावायचं, प्रत्येकानं घरातलं काहीतरी आणायचं, आणि मी प्रत्येक वस्तूपुढे ठेवायला चार ओळींची चिठ्ठी लिहायची. पहिल्याच आठवड्यात मला दोन फोन आले, आणि आजचं भाषण त्या दोन फोनांवर आहे.

पहिला फोन आपल्या एका मित्राचा. त्याच्याकडे बिग फन बबलगमबरोबर मिळायची ती क्रिकेटची चित्रं आणि डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं अजून आहेत, एका दोनशेपानी वहीत. त्यानं विचारलं, "अगं, परदेशात अशी कार्डं कोटीत जातात म्हणे. माझ्या वहीचे किती येतील?"

दुसरा फोन समितीतल्या एका मैत्रिणीचा. "मुलींच्या खो-खो टीमची एक जर्सी आलीय. पण फार मळकी आहे गं. खांद्याला काळा टाका, पाठीवरचा आकडा निम्मा उडालेला. ब्लीचिंगमध्ये भिजवते, टाका उसवून पिवळ्या दोऱ्यानं घालते आणि आकडा पेंटरकडून नवा करून घेते. चालेल ना?"

मी ओरडलेच. म्हटलं, "पाण्याला लावू नकोस तिला!" ती बिचारी घाबरली. तिची आज सगळ्यांसमोर माफी मागते, आणि का ओरडले ते सांगते.

माझं काम फोटो तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचं. कारखान्यातून निघालेल्या सुट्या भागांचे फोटो काढायचे आणि त्यावरचा ओरखडा, तडा, टवका मशीनला शोधायला शिकवायचं. त्यामुळे खेळाच्या वस्तूंची पारख कशी करतात हे वाचायची मला गोडी लागली. ती पारख दोन प्रकारची असते, आणि दोन्हींचे नियम एकमेकांच्या अगदी उलटे आहेत.

आधी कार्डं. अमेरिकेत पीएसए नावाची कंपनी १९९१ पासून कार्डांना १ ते १० असे गुण देते. आपण तपासायला कार्ड पाठवायचं, ते गुण ठरवतात आणि कार्ड एका कडक पारदर्शक डबीत कायमचं बंद करून क्रमांकासह परत पाठवतात. बेकेट नावाची दुसरी कंपनी आहे, ती चार बाबींचे गुण वेगवेगळे छापते. त्या चार बाबी म्हणजे चित्र कागदाच्या मध्यावर आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग.

मध्य कसा पाहतात? चित्राच्या डाव्या आणि उजव्या बाजूची पांढरी पट्टी मोजायची. दोन्ही मिळून ६ मिलिमीटर असतील आणि एकीकडे ३.३ तर दुसरीकडे २.७ असेल, तर त्याला ५५-४५ म्हणतात. दहापैकी दहाला साधारण एवढीच सूट. डोळ्यांना तो फरक दिसतसुद्धा नाही. मग भिंगाखाली चारही कोपरे. कोपऱ्याचा रंग उडून आतला पांढरा कागद टाचणीच्या टोकाएवढा दिसला तरी गुण गेले. मग कडा, आणि शेवटी कार्ड दिव्याखाली तिरपं धरायचं, म्हणजे सरळ बघताना न दिसणारी घडी आणि ओरखडे दिसतात. कार्ड फार जुनं म्हणून आलं असेल तर अतिनील दिव्याखाली धरतात. अलीकडच्या कागदात पांढरेपणासाठी रसायन घातलेलं असतं, ते त्या दिव्याखाली निळसर चमकतं. शंभर वर्षांचं म्हणवणारं कार्ड तसं चमकलं, तर विषय संपला.

आता आपल्या मित्राची वही घ्या. कार्डं डिंकानं चिकटवलेली. ओढून काढली तर मागचा कागद सोलून निघणार. ट्रम्प कार्डांच्या गठ्ठ्याला रबर बँड, त्यामुळे दोन्ही कडांना मधोमध खाच. आणि सगळ्यांत जास्त मळलेली कार्डं कोणती? ज्यांची छाती मोठी, वजन मोठं, तीच. कारण ती सारखी हातात. बबलगमच्या चित्रांवर धावा आणि विकेट छापलेल्या असायच्या, धावा जमवून फ्लिपबुक मिळवायचं असायचं, म्हणून ती खिशातून फिरायची, बदलली जायची, मधल्या सुट्टीत भांडणाला कारण व्हायची. आम्हा मुलींनाही त्यांचा हिशेब पाठ होता. मित्रा, या वहीला दहापैकी दोन पडले तरी पेढे वाट.

पण कार्ड महाग का होतं, ते याच्यातच आहे. पोरांनी खेळून ती संपवली, म्हणून न खेळलेलं एखादं उरलं तर त्याला किंमत. १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, म्हणजे तेव्हाच्या दरानं सुमारे १०० कोटी रुपये. त्याचे गुण होते साडेनऊ. त्या मालिकेतल्या न खपलेल्या कार्डांचे खोकेच्या खोके कंपनीनं पुढे समुद्रात बुडवले, असं कंपनीच्याच माणसानं सांगून ठेवलंय. शंभर कोटींचं कार्ड म्हणजे ज्याच्याशी कुणीही खेळलं नाही असं कार्ड.

एवढा पैसा आला की लबाडीही येते. होनस वॅगनर या खेळाडूचं १९०९ च्या सुमाराचं सिगारेटच्या पाकिटातलं कार्ड जगात सर्वांत प्रसिद्ध आहे. त्याची एक प्रत पीएसएनं गुण दिलेलं पहिलंच कार्ड. दहापैकी आठ मिळाले. त्या वयाच्या कार्डाला एवढ्या धारदार कडा कशा, असं लोक वर्षानुवर्षं कुजबुजत होते. शेवटी ज्या व्यापाऱ्यानं ते विकलं होतं, त्यानं २०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयापुढे कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा आपण कापून सरळ केल्या होत्या. नियमाप्रमाणे कापलेल्या कार्डाला आकडा मिळतच नाही, 'बदल केलेलं' एवढाच शेरा मिळतो. झिजलेल्या कार्डाला कमी का होईना, गुण असतात. चोरून सुधारलेल्या कार्डाला शून्यसुद्धा मिळत नाही. हा कापण्याचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जर्सी. जर्सी परीक्षकापुढे आली की तो पहिल्यांदा विचारतो, ही नक्की कोणती? दुकानात मिळते तशी नक्कल? खेळाडूला दिलेली, पण त्यानं कधी न घातलेली? की घालून सामना खेळलेली? आणि इथे कार्डाचा नियम उलटा होतो. कोरी करकरीत जर्सी संशयास्पद. बगलेतला घामाचा डाग, मातीचा ठसा, तडकलेला आकडा, संघातल्याच कुणी घाईत घातलेला टाका, हे सगळं जमेच्या बाजूला. परदेशात जर्सीला दहापैकी गुण देणारेही आहेत, आणि वापराच्या खुणा कमी दिसल्या तर ते गुण कापतात!

मात्र नुसती फाटकी, मळकी असून चालत नाही. झीज त्या खेळाशी जुळावी लागते. यष्टिरक्षकाच्या पँटचे गुडघे झिजतील, गोलंदाजाच्या पँटवर चेंडू पुसून लाल डाग पडेल. उलटं दिसलं तर कुणीतरी घरी बसून मळवलंय.

त्यानंतर येते फोटोशी जुळवणी. मॅराडोनाचं उदाहरण आपल्या पिढीला सांगायला नको. २२ जून १९८६, मेक्सिको, इंग्लंडविरुद्ध एक गोल हातानं आणि दुसरा अर्धं मैदान पळून. सामन्यानंतर त्यानं इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजबरोबर जर्सी बदलली. २०२२ मध्ये लंडनच्या सॉदबीजनं ती लिलावाला काढली, तेव्हा मॅराडोनाच्या घरच्यांनी सांगितलं की हॉजकडची जर्सी पहिल्या अर्धातली आहे, गोल तर दुसऱ्या अर्धात झाले. पण सामन्याच्या फोटोंशी जर्सीची तुलना झाली होती. छातीवरचं चिन्ह कसं बसलंय, पट्टे शिवणीला कुठे तुटतात, आकड्याची ठेवण कशी आहे. कापड कापताना आणि शिवताना दोन जर्स्या कधीच तंतोतंत सारख्या होत नाहीत. पट्टा शिवणीवर दोन सूत वर-खाली होतोच. त्या खुणा दोन्ही गोलांच्या फोटोंशी जुळल्या, आणि जर्सी ७१ लाख पौंडांना गेली.

आपल्याकडेही हा छंद रुजतोय. पुण्यात सहकारनगरला रोहन पाटे यांचं 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेटचं संग्रहालय आहे, खेळाडूंच्या सह्यांच्या बॅटी आणि जर्स्या तिथे बघायला मिळतात. कसोटीच्या पांढऱ्या शर्टावर नाव आणि आकडा यायला मात्र २०१९ साल उजाडलं. त्यामुळे जुना पांढरा शर्ट नक्की कुणाचा, हे ठरवणं फार कठीण.

आणि खो-खोचं काय? शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आणि भारताच्या मुलींनी तो आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या कप्तानीखाली जिंकला. त्या अंतिम सामन्याचे फोटो हजारांनी असतील. आपल्या डिसेंबर १९९४ च्या जिल्ह्याच्या अंतिम सामन्याचे फोटो आहेत फक्त तीन. शाळेच्या अल्बममध्ये, चार कोपऱ्यांत खोचलेले.

आता त्या जर्सीकडे येते.

ती ज्या मैत्रिणीची आहे ती इथे बसली आहे. नाव घेऊ नको म्हणाली, घेत नाही. ती आपल्या वर्गात आली आठवीच्या दिवाळीनंतर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर किल्लारीकडच्या गावांतून जी मुलं-मुली लातूरला मामाकडे, आत्याकडे आली, त्यांतली ती एक. आपण तिला तेव्हा फारसं काही विचारलं नाही. काय विचारावं ते कळत नव्हतं. ती पळायची मात्र वाऱ्यासारखी, आणि नववीत ती आपल्या संघात होती. नववीची परीक्षा झाली आणि त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. ती नांदेडला गेली. मी पुढे चार वर्षं नांदेडलाच, विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होते. एका शहरात होतो आणि मला पत्ता नव्हता. पत्ता मी काढलाही नव्हता.

जर्सी आली ती तिच्या मुलीच्या हातून. सोबत निरोप, "आई म्हणते अंतिम सामन्यातली आहे. फाटकी आहे, ठेवायची असेल तर ठेवा."

चिठ्ठीवर 'अंतिम सामन्यातली जर्सी' असं नुसतं लिहून टाकता आलं असतं. पण आमच्या कामात एक शिस्त असते. जुळतंय का हे नंतर बघायचं, आधी कुठे जुळत नाही ते शोधायचं. दहा गोष्टी जुळल्या आणि एक जुळली नाही, तर त्या एकीचं उत्तर मिळेपर्यंत पुढे जायचं नाही. म्हणून मी शाळेतून तिन्ही फोटो मागून घेतले, मोठे करून स्कॅन केले, आणि जर्सीचे फोटो दिवसाच्या उजेडात, फोटोतल्याच कोनांतून काढले.

पहिलीच गोष्ट जुळली नाही. फोटोतली जर्सी लांब आहे, हातातली चार बोटं आखूड. माझं मन खट्टू झालं. मी तिला फोन केला. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "खालून कापली आहे हां मी. लेकीला शाळेत खो-खोला पाहिजे होती, तिला लांब व्हायची. कापून दुमडून दिली." वॅगनरचं कार्ड कापणाऱ्यानं वर्षानुवर्षं तोंड उघडलं नाही. हिनं विचारायच्या आधी सांगितलं. चिठ्ठीवर मी तसंच लिहिलंय, खालचा काठ नंतर कापला आहे, मुलीसाठी.

मग बाकीचं बघितलं. एका फोटोत ती खांबाकडे झेपावते आहे, पाठ कॅमेऱ्याकडे. आकडा ७. आपल्या जर्स्यांवरचे आकडे बाजारातल्या पेंटरनं पत्र्याच्या साच्यातून रंगवले होते. सातच्या पायाशी रंग ओघळून एक बारीक शेपूट आलंय. तीच शेपूट, तेवढीच, तशीच डावीकडे वळलेली, आजच्या जर्सीवर आहे. उजव्या बाहीची निळी पट्टी शिवणीला जराशी वर सरकली आहे, तीही दोन्हीकडे तशीच.

आता टाका. झेपावतानाच्या फोटोत डाव्या खांद्याची शिवण शाबूत आहे. ढाल घेतलेल्या फोटोत तीच शिवण उसवलेली आहे, आणि तिनं ती एका हातानं धरून ठेवली आहे. आज तिथे काळा टाका आहे. म्हणजे ही जर्सी त्या सामन्यात फाटली, त्या सामन्याच्या मधेच. शिवणाच्या बाईंना मी टाक्याचा फोटो पाठवला. बाईंचा लगेच फोन, "अगं, हा माझाच टाका! पर्समध्ये काळाच दोरा होता. उदगीरच्या सामन्याच्या वेळी घातला." बाई, टाका तुमचाच, पण सामना लातूरचा! फोटो खोटं बोलत नाही. बाईंनी हसून तसं लिहून दिलंय, ते पत्रही दालनात आहे. माणसाची आठवण हा पुरावाच असतो, पण तो एकटा पुरत नाही.

आणि पाठीवरचा उडालेला आकडा? सातच्या मधोमध रंग गेलाय, कडेचा शाबूत आहे. आधी मला वाटलं धुऊन गेला असेल. पण धुण्यानं रंग सगळीकडून सारखा जातो. मग लक्षात आलं. खो देताना आपण बसलेल्या खेळाडूच्या पाठीवर तळहात मारतो. मातीनं भरलेला हात, पुन्हा पुन्हा, त्याच जागी. तो आकडा आपणच घालवला आहे. संघातल्या बाकीच्या मुलींनी. समितीतल्या मैत्रिणी, म्हणून मी ओरडले. पेंटरनं नवा आकडा काढला असता तर आपल्या सगळ्यांचे हात पुसले गेले असते.

हे एवढं सगळं का केलं? जर्सी विकायची नाही, कुणाला विकत घ्यायचीही नाही. कारण दुसरंच आहे. चिठ्ठी लिहिताना नाव नीट तपासावं म्हणून मी स्मरणिकेसाठी केलेली बॅचची यादी उघडली. तिचं नाव नव्हतं. यादी दहावीच्या निकालाच्या रजिस्टरवरून केलेली, आणि ती दहावीला बसलीच नाही. भूकंपात तिच्या घरातलं काही उरलं नव्हतं, आपल्यातून ती दहावीच्या आधी गेली, जिल्ह्याची प्रमाणपत्रं आली ती पुढच्या वर्षी आणि तिच्यापर्यंत पोचली नाहीत. ती या शाळेत आपल्याबरोबर होती याचा तिच्याकडचा एकच पुरावा म्हणजे ही जर्सी. तो ब्लीचिंगच्या बादलीत जाता जाता राहिला.

मी यादी शोधू लागले तेव्हा आणखी नावं आठवली. आठवीत, नववीत शाळा सुटलेली. त्यात मुली जास्त आहेत. त्यांच्याकडे जर्सी नाही. पण आपल्याकडे वर्गाचे फोटो आहेत, शिक्षकांकडे आठवणी आहेत, शाळेत हजेरीपट आहेत. ते ताडून बघता येतात.

म्हणून घरी गेल्यावर एवढं करा. जुना फोटो लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. कपडा असेल तर धुऊ नका, स्वच्छ मलमलीत गुंडाळून ठेवा, डांबराची गोळी त्याला थेट लागू देऊ नका. फोटोत कोण आहे, कधीचा आहे, हे एका वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. दुरुस्ती केली असेल तर तीही लिहा. आणि वहीवाल्या मित्रा, कार्डं ओढून काढू नकोस. आहे तशी वहीच दालनात ठेव. तिच्या पानांवर कुणाकडून किती धावा घेतल्या, त्याचा हिशेब तुझ्या त्या वेळच्या अक्षरात आहे. पीएसए त्याला गुण देणार नाही, पण तुझी उधारी कुणाकडे राहिली ते तरी कळेल.

समितीनं माझं म्हणणं ऐकलं, त्यांचे आभार मानते. स्मरणिकेतली यादी आता 'दहावी उत्तीर्ण' अशी नाही, 'आपल्या वर्गात बसलेले' अशी आहे. आत्तापर्यंत अकरा नावं वाढली. आणखी आठवली तर समितीला कळवा. ती नावं शेवटी जोडलेली नाहीत. हजेरीपटात होती तशीच, आपापल्या क्रमांकावर, आपल्या नावांच्या मधे घातली आहेत.

जर्सी पाचव्या टेबलावर आहे. बघा, पण हात लावायचा असेल तर तिला विचारून लावा.